मंडळीत जात आहे की नाही, ते एकदाच सांगा

प्रति,
भारतातील मंडळ्यांचे बिशप, सिनॉडचे पदाधिकारी आणि धर्मप्रांतांच्या कार्यकारी समित्यांचे सन्माननीय सभासद यांस,



मी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला एक निवृत्त पाळक आहे. ज्या विषयावर हे पत्र लिहीत आहे त्यावर सेवेत असताना मी वरिष्ठांना निवेदने दिली होती. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. सेवेतल्या पाळकाला बदलीची धास्ती असते. त्याचे राहते घर मंडळीच्या आवारात असते, मुलांची शाळा बहुधा मिशनचीच असते, म्हणून एका मर्यादेपलीकडे तो बोलत नाही. मला आता ती धास्ती उरलेली नाही. शिवाय चारचौघांत विचारण्याला आपल्याच धर्मशास्त्रात आधार आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. पेत्र प्रेषितांमध्ये ज्येष्ठ, पौल मागाहून आलेला. तरीही प्रश्न पंगतीचा होता म्हणून पौलाने तो खासगीत ठेवला नाही. माझाही प्रश्न पंगतीचाच आहे, आणि तो आपल्याला ठाऊक नाही असे मी क्षणभरही मानत नाही.

दरवर्षी १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळता. १९५० साली त्या दिवशी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध आपण उभे राहता याबद्दल मला आदर आहे. मीही त्या दिवशी दंडावर काळी फीत बांधून कलेक्टर कचेरीपुढे बसलो आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात त्याविरुद्धची याचिका पडून आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. ती बाजूला पडली आणि २०२२ साली याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. सरकार चालढकल करते हे आपण वारंवार सांगता, ते खरेच आहे.

पण या लढ्यात आपण न्यायालयापुढे नेमके काय सांगता? १९८५ च्या सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतर जात शिल्लक राहते एवढे दाखवून भागणार नाही. नव्या धर्माच्या समाजातही तोच छळ, तीच हलाखी तितक्याच तीव्रतेने सोसावी लागते, हे सिद्ध करावे लागेल. तेव्हापासून चर्चच्या वतीने हेच मांडले जात आहे की बाप्तिस्म्याने जात जात नाही, दलित ख्रिस्ती माणसाला समाजातही भोगावे लागते आणि चर्चमध्येही. त्यासाठी अभ्यास गोळा झाले, साक्षी झाल्या. म्हणजे आपल्या घरात काय चालते याचा पुरावा आपणच देशासमोर ठेवलात.

मग रविवारी काय होते? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे अठ्ठाविसावे वचन वेदीवरून वाचले जाते, आणि ख्रिस्तात भेद नाही, मंडळीत जात नाही, असे उपदेशात सांगितले जाते. एखाद्या सभासदाने वार्षिक सभेत हा विषय काढला तर ‘मंडळीत जात आणू नका’ म्हणून त्यालाच खाली बसवतात. हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत की बोलणाऱ्याचा चेहरा बदलला तरी सूर तोच असतो. साहेब, मला साधे उत्तर हवे आहे. न्यायालयातले खरे की वेदीवरचे खरे? मंडळीत जात नसेल तर आपले म्हणणे टिकत नाही. आणि ती असेल, तर ज्याला तिचा चटका बसतो त्याने तोंड उघडताच तो मंडळी फोडणारा कसा ठरतो?

कॅथलिक बिशपांनी निदान कबुली दिली आहे. १९८२ साली तिरुचिरापल्लीच्या सभेत त्यांनी जातिभेदाला ख्रिस्ती धर्मात जागा नाही असे ठामपणे जाहीर केले. डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. देशातल्या सुमारे १.९ कोटी कॅथलिकांपैकी १.२ कोटी दलित आहेत आणि वरच्या नेतृत्वात मात्र त्यांचा वाटा अगदीच थोडा आहे, हे त्या धोरणातच मान्य केले. भारताला पहिला कार्डिनल १९५३ साली मिळाला. पहिला दलित कार्डिनल २०२२ साली, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांच्या रूपाने. मधल्या ६९ वर्षांत चर्चचा मोठा भाग असलेल्या समाजातून एकही लायक माणूस निघाला नाही, यावर आपला स्वतःचा तरी विश्वास बसतो का? आणि आम्हा प्रोटेस्टंटांचे काय? आपल्या धर्मप्रांतांत बिशप, खजिनदार, संस्थांचे प्राचार्य, रुग्णालयांचे अधीक्षक कोणत्या समाजातून आले याची मोजणी आपण केली आहे का? केली असेल तर ती सभासदांपुढे का ठेवली नाही? केली नसेल तर ती नको असे कोणी ठरवले?

नगरच्या मातीत हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली इथे आले. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगताना आपण बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक ही नावे घेतो, आणि घ्यायलाच हवीत. त्यांनी सोसले आणि मराठीला दिलेही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या, आणि त्या पाच वर्षांत एका बाईच्या मनात सोवळ्या-ओवळ्याची जी घालमेल झाली ती त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात जराही झाकली नाही. माझ्या मते आपल्या चर्चमध्ये जातीविषयी इतके खरे बोलणारा दुसरा दस्तऐवज नाही, आणि तो कोणत्याही सिनॉडने तयार केलेला नाही. पण नगर, राहुरी, शेवगाव, नेवासे या भागांत मंडळ्या उभ्या राहिल्या त्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून. दुष्काळात, पटकीत, सवर्ण गावकऱ्यांच्या बहिष्कारात ज्यांनी आपल्या झोपडीत उपासना चालवली त्यांची नावे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपलीकडे कुठेच गेली नाहीत. शताब्द्या साजऱ्या होतात, स्मरणिका निघतात, आणि त्यांत ती माणसे फक्त आकड्यांत येतात.

माझे पणजोबा त्याच नोंदवहीतले. महारवाड्यातून आले, मिशनच्या शाळेत अक्षर शिकले आणि पुढे गावोगाव बायबल सांगत फिरले. त्यांच्या पिढीला वाटले की एकदा पाण्याने माथा भिजला की मागचे सगळे पुसले जाईल. निदान तसेच त्यांना सांगितले गेले होते. हे आश्वासन त्यांनी मागितलेले नव्हते, आपल्या चर्चने ते आपणहून दिले. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना कळवले होते की चर्चमध्ये जात अजिबात चालणार नाही, ती ताबडतोब आणि कायमची सोडावी लागेल. जवळजवळ दोनशे वर्षे झाली. त्या पत्राचे पालन कोणत्या धर्मप्रांतात झाले, हे एक सभासद म्हणून मला विचारता येईल ना?

मी ज्या गावांत सेवा केली त्यांतल्या एका गावात दोन प्रार्थनामंदिरे आहेत. हाकेच्या अंतरावर. उपासनेची पद्धत एक, गीतांचे पुस्तक एक, पाळकही एकच. एका ठिकाणी महार ख्रिस्ती बसतात, दुसऱ्या ठिकाणी मातंग ख्रिस्ती. नाताळला मी एकत्र उपासनेचा आग्रह धरला तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मला शांतपणे समजावले की पाळकसाहेब, तुम्ही बदलीने जाल, आम्हाला इथेच राहायचे आहे. त्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. सवर्णांनी दोघांनाही गावाबाहेर ठेवले, आणि आपण त्यांना दोन वेगळ्या खोल्यांत प्रभुभोजन दिले. ती दुसरी खोली बांधायला परवानगी कोणी दिली, पैसा कुठल्या खात्यातून आला, हे वरच्या कचेरीतल्या फायलीत सापडेल. एकाही वरिष्ठाने ती फाईल मागवून विचारले का, की एकाच प्रभूच्या मेजासाठी दोन छपरे कशाला?

स्थानिक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट समितीच्या निवडणुकांत तर पॅनेलच जातीवर पडते. मतपत्रिकेवर जात छापलेली नसते, पण कोण कोणाला मत देणार हे आदल्या रात्रीच ठरलेले असते. त्यातून निवडून आलेली माणसे धर्मप्रांताच्या परिषदेत जातात, त्या परिषदेतून वरचे पदाधिकारी येतात. ही वाट आपल्यापैकी अनेकांनी स्वतः चाललेली आहे. शहरातल्या मोठ्या, चांगले दानार्पण येणाऱ्या मंडळ्यांवर कोण पाळक जाणार आणि खेड्यात महिनोन्‌महिने पगाराची वाट पाहत कोण राहणार, हे कसे ठरते तेही आपल्याला माहीत आहे. चर्चच्या जमिनींचे खटले, विश्वस्तपदाचे वाद, कुलपे तोडणे आणि पुन्हा लावणे यांत धर्मप्रांतांची जी शक्ती गेली तिचा एक दशांश जरी या कामी लागला असता तरी आज मला लिहावे लागले नसते. त्यावर मी अधिक बोलत नाही, कारण ते वर्तमानपत्रांतून पुरेसे येते.

घरातले मात्र सांगितले पाहिजे, कारण जात उपासनेत थोडी लपते, लग्नात लपत नाही. माझ्या मुलीसाठी स्थळ आले. मुलगा ख्रिस्ती, घर ख्रिस्ती, आजोबा पाळक होते. चहापाणी झाले, दोन्ही घरांनी मिळून प्रार्थना केली, आणि निघताना मुलाच्या आत्याने माझ्या पत्नीला बाजूला घेऊन विचारले, “तुम्ही मूळचे कोण?” पत्नीने खरे सांगितले. पुढे त्यांच्याकडून निरोप आला नाही. मुलीने काही विचारले नाही, ती रुग्णालयात रात्रपाळीला निघून गेली. नंतर धाकट्या मुलाने मातंग ख्रिस्ती घरातली मुलगी पसंत केली, तेव्हा माझ्याच भावकीतले काही जण लग्नाला आले नाहीत. वेदीसमोर उभे राहून मी त्या दोघांना आशीर्वाद दिला आणि समोरचे रिकामे बाक पाहिले. त्या सवर्ण मुळाच्या ख्रिस्ती घराने आम्हाला जे विचारले तेच आमच्या घरांनी सुनेच्या माहेराला विचारले. आपल्या वधूवर मेळाव्यांच्या अर्जांवर ‘मूळ समाज’ असा रकाना मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो रकाना कोणाच्या सहीने छापला गेला? विवाहपूर्व समुपदेशनात कितीतरी विषय शिकवले जातात. हा एक विषय कोणत्या धर्मप्रांताच्या अभ्यासक्रमात आहे, ते मला कळवावे.

हे एकट्या नगरचे नाही. तिरुचिरापल्लीतल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत आहे. मेल्यावरही शेजार नको, हे त्या भिंतीने विटांत सांगितले आहे. तमिळनाडूतल्या तेव्हाच्या विल्लुपुरम जिल्ह्यातल्या एरैयूरमध्ये दलित ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठी वेगळी पॅरिश मागितली. त्या वादात मार्च २००८ मध्ये दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला. मेलेले ख्रिस्ती होते, ज्यांच्याशी वाद होता तेही ख्रिस्तीच. केरळात कोट्टायमच्या एका दलित ख्रिस्ती तरुणाचा २०१८ साली लग्नानंतर काही दिवसांत खून झाला. सासरेही ख्रिस्तीच होते. पत्नीच्या भावासह दहा जणांना जन्मठेप झाली आणि न्यायालयाने तो प्रतिष्ठेपायी केलेला खून ठरवला. त्याच केरळात पोयकयिल योहन्नान या दलित उपदेशकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चर्चमधल्या जातिभेदाला कंटाळून वेगळी वाट धरली होती. शंभर वर्षांपूर्वी मिळालेला तो इशारा होता. गोव्यात कोंफ्रारियांमध्ये, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांमध्ये, लाल झग्याचा मान कोणाचा, फेस्त (सण) कोणी करायचे, यांवर पिढ्यान्‌पिढ्या बामण आणि चार्डो या वरच्या जातींची पकड राहिली. वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्या सोयरिकी फार काळ आपापल्यातच होत राहिल्या. नगरचा पाळक गोव्याकडे, वसईकडे बोट दाखवतो असे कृपया समजू नये. दुखणे सगळ्या अंगात पसरले आहे, आणि आपण प्रत्येक प्रांतात ते स्थानिक म्हणून सांगता.

परदेशात मात्र आपला आवाज मोठा असतो. जागतिक परिषदांत आपण वर्णद्वेषाविरुद्धच्या ठरावांना हात वर करता, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपल्या उपदेशांत आदराने येते. तेही पाळकच होते. १९५९ साली ते भारतात आले असताना त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य’ अशी करून दिली. त्यांना आधी धक्का बसला, मग आपल्या देशातल्या दोन कोटी काळ्या माणसांची दशा आठवून त्यांनी ती ओळख मान्य केली. पुढे आपल्या मंडळीत उपदेशात त्यांनी हे स्वतः सांगितले. त्याच्या कितीतरी आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. म्हणजे हे दोन अन्याय एकमेकांचे सख्खे आहेत, हे महाराष्ट्रातल्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले. अमेरिकेतला वर्णभेद आपल्याला इतका स्पष्ट दिसतो, तर आपल्या दफनभूमीतली भिंत दिसायला काय आड येते?

दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चचे उदाहरण मुद्दाम पुढे ठेवतो. १८५७ साली तिथल्या सिनॉडने काही गोऱ्या सभासदांच्या दुर्बलतेखातर काळ्या ख्रिस्ती लोकांची उपासना वेगळी घेण्याची सवलत दिली. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेल्या त्या सवलतीतून १८८१ साली वेगळे चर्चच निघाले, आणि पुढे १९४८ पासून राज्यकर्त्यांनी वंशभेदाचे कायदे केले तेव्हा या चर्चने त्यांना धर्मशास्त्राचा टेकू दिला. १९८२ साली ओटावात रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वंशभेदाचे समर्थन हे पाखंड आहे असे ठरवून या चर्चचे सभासदत्व स्थगित केले. त्याच वर्षी तिथल्या मिश्रवर्णीय चर्चने वंशभेद नाकारणारा बेल्हारचा विश्वासअंगीकार लिहायला घेतला आणि १९८६ साली स्वीकारला. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्गच्या सभेत विली योंकर या गोऱ्या धर्मशास्त्र्याने उभे राहून स्वतःचा आणि आपल्या चर्चचा दोष मान्य केला, आणि आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी तो कबुलीजबाब स्वीकारला. १९९७ साली हे चर्च टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगापुढेही गेले. तिथे सगळे सुरळीत झाले असे मी म्हणत नाही. ती चर्चे अजून एक झालेली नाहीत. पण काय झाले ते कागदावर आहे, कोणी केले ते कागदावर आहे, आणि कबुली भर सभेत झाली.

आपल्याकडे काय झाले? वेगळ्या बाकांचा, वेगळ्या कबरींचा, वेगळ्या छपरांचा ठराव कोणत्या सिनॉडने केला हे शोधू गेले तर महाराष्ट्रात तरी हाती काही लागत नाही. ठरावाची गरजच पडली नाही, कारण गावाची रीत मंडळीत चालत आली आणि आपण तिला येऊ दिले. ठराव नसल्यामुळे कबुली द्यायलाही कोणी पुढे येत नाही. आम्ही कोणाकडे दाद मागायची? कोणती जागतिक संघटना आपले सभासदत्व स्थगित करील म्हणजे आपण हा विषय पटलावर घ्याल?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. एकता, साक्ष आणि सेवा हे बोधवाक्य ठरले. ज्या शहरात १४ वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली होती, त्याच शहरात. बाबासाहेबांना चर्च अपरिचित नव्हते. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि येशू या दोघांविषयी आदर व्यक्त केला, आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात कशी टिकून आहे हेही तिथेच सांगितले. ते त्यांनी आपल्याच माणसांच्या तोंडावर सांगितले होते. त्यानंतर धम्मदीक्षेपर्यंत १८ वर्षे चर्चच्या हातात होती. १९७० ला पंथ एक झाले, घटना तयार झाली, पदे ठरली. वस्त्या एक करायचे काम कोणत्या समितीकडे दिले होते?

आमच्या तरुणांची आज काय गत आहे ते आपण जाणता. माझ्या चुलत घराण्यातला एक भाऊ बौद्ध झाला. त्याच्या नातवाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, माझ्या नातवाला इतर मागासवर्गाचा. दोघांचे पणजोबा एकाच ओसरीवर वाढले. म्हणून कितीतरी मुलांची दोन नावे असतात, शाळेच्या दाखल्यावर एक आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दुसरे. नोकरी लागल्यावर ही मुले मंडळीत यायला घाबरतात, तक्रार झाली तर दाखला जाईल म्हणून. प्रभुभोजनाच्या यादीत नाव लिहू नका अशी विनंती मला एका पदवीधर मुलीने केली होती. सरकारने तिला कोंडीत पकडले हे खरे आहे. पण ज्या मंडळीत ती लपून येते, त्या मंडळीने तरी तिला निर्भयपणे बसता येईल अशी जागा दिली का? तिच्या लग्नाच्या वेळी याच मंडळीतली माणसे तिला मूळ विचारणार, हे तिला माहीत असते.

समेटाची सेवा आपल्याला सोपवलेली आहे, हे आपल्या दीक्षाविधीत सांगितले जाते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने क्रमही सांगून ठेवला आहे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जाऊन भावाशी समेट करायचा, मग येऊन अर्पण वाहायचे. आपण अर्पण घेत राहिलो आणि भावाला दारात उभे ठेवले. ज्याच्या मनात दुखणे आहे त्यालाच समेटाचा उपदेश करायचा, आणि दुखावणाऱ्याला काहीच विचारायचे नाही, असा समेट शास्त्रात मला कुठे सापडलेला नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या पाळकांची, पदाधिकाऱ्यांची आणि संस्थाप्रमुखांची सामाजिक पार्श्वभूमी मोजून सभासदांपुढे ठेवावी. न्यायालयासाठी पुरावे गोळा करता आले, तर घरासाठीही करता येतील. जिथे एकाच गावात जातीवरून दोन प्रार्थनामंदिरे आहेत, जिथे दफनभूमीत भिंत किंवा हद्द आहे, त्या ठिकाणांची यादी करावी आणि ही विभागणी कधीपर्यंत मोडणार त्याची तारीख जाहीर करावी. वधूवर अर्जांवरचा तो रकाना या वर्षीच निघावा, त्याला ना खर्च आहे ना कायद्याची अडचण. पाळक तयार करणाऱ्या महाविद्यालयांत जातीचा प्रश्न दक्षिणेचा इतिहास म्हणून न शिकवता, उद्या ज्या गावात पाळक जाणार त्या गावाचा प्रश्न म्हणून शिकवावा. आणि येत्या १० ऑगस्टला सरकारविरुद्धच्या निवेदनाबरोबर आपल्या स्वतःच्या सहीचे एक निवेदन प्रत्येक मंडळीत वाचले जावे. त्यात चर्चने काय केले, काय होऊ दिले, ते स्पष्ट लिहिलेले असावे. ते वाचायला पाळकाला न पाठवता शक्य तिथे बिशपांनी स्वतः यावे, आणि आधी खेड्यांत यावे.

या पत्राच्या प्रती मी जिथे सेवा केली त्या सर्व पास्टोरेट समित्यांना पाठवत आहे. आपले उत्तर कृपया मला एकट्याला न पाठवता त्याच समित्यांकडे पाठवावे, म्हणजे ते वार्षिक सभेत सर्व सभासदांसमोर वाचले जाईल आणि इतिवृत्तात नोंदवले जाईल. धर्मप्रांत परिषदेची पुढची बैठक होईपर्यंत उत्तर आले नाही, तर हेच प्रश्न घेऊन मी परिषदेच्या सभागृहात येईन. निवृत्त पाळकाला तिथे मताधिकार नाही याची मला कल्पना आहे. बोलण्याची परवानगी मी आताच, या पत्रातून, लेखी मागत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पाळक
जिल्हा अहिल्यानगर